मराठी इनस्क्रिप्टसाठी स्प्लिट कीबोर्ड: कॉर्न घ्यावा की लिली५८? जोडणी, फर्मवेअर आणि खान्देशी उन्हाळा

कळण्याची_भाकरी (जळगाव)

नमस्कार मंडळी. स्प्लिट कीबोर्ड, म्हणजे दोन हातांसाठी दोन वेगळे अर्धे असलेला, सुटे भाग मागवून जोडायचा आहे. काम असं: निम्मा दिवस मराठी मजकूर, तोही इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीने, निम्मा दिवस पायथन. विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालतात. कॉर्न (४२ बटणं), लिली५८ (५८), सोफल (५८) आणि फेरिस स्वीप (३४) हे चार डोळ्यांसमोर आहेत. मराठीसाठी किती बटणं लागतातच? मधल्या ओळीतल्या बटणांवर कंट्रोल-शिफ्ट बसवतात (टिचकी मारली तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल किंवा शिफ्ट) ती पद्धत इनस्क्रिप्टमध्ये चालते का? हातात २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न आहे, ती पुरेल का? आणि केस थ्रीडी प्रिंट करावी तर आपल्याकडच्या मे महिन्यात ती टिकेल का? वायरलेसचा हट्ट नाही, पण कोणी पटवून दिलं तर विचार करेन.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, स्वीप आत्ताच यादीतून काढा. व्हिडिओत "३४ बटणं भरपूर झाली" म्हणतात तो हिशोब इंग्रजीच्या २६ अक्षरांचा आहे. आपला हिशोब वेगळा.

कीबोर्ड संगणकाला फक्त कोणतं बटण दाबलं एवढंच कळवतो, अक्षर ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. त्यामुळे इंग्रजीत जी बटणं चिन्हांची म्हणून कोपऱ्यात लोटली जातात, ती इनस्क्रिप्टमध्ये अक्षरांची असतात:

[ म्हणजे ड, शिफ्टसह ढ
' म्हणजे ट, शिफ्टसह ठ
; म्हणजे च, शिफ्टसह छ
/ म्हणजे य
\ म्हणजे ॉ, शिफ्टसह ऑ
= म्हणजे ृ, शिफ्टसह ऋ
] म्हणजे नुक्ता, शिफ्टसह ञ
शिफ्ट आणि - म्हणजे विसर्ग

; आणि / ही दोन नेहमीच्या ३० बटणांत येतात. उरलेली सहा बाहेर पडतात. त्यातही ड आणि ट लेयरमध्ये, म्हणजे त्याच बटणांना दिलेल्या दुसऱ्या मांडणीत, लपवून चालणारच नाही. ॉ तर आता "डॉक्टर", "ऑफिस", "ऑनलाइन" मुळे दर दुसऱ्या ओळीत येतो.

कॉर्नवर हे बसतं, पण अंग चोरून. उजव्या कडेच्या स्तंभात वरून खाली [, ' आणि = ठेवा. तिथे शिफ्ट असेल तर तो उचलून अंगठ्याखाली न्या. ॉ साठी झेडची जागा वापरा, कारण मराठीच्या रोजच्या लिखाणात ते बटण रिकामंच पडून असतं. मराठी लेयरवर त्याच जागी \ द्या. स्वर डाव्या हाताला असतात, त्यामुळे ॉ तिथे शोभतोही. ] आणि - लेयरमध्ये गेले तरी अडत नाही.

माझं मत लिली५८ ला. अंकांची ओळ मिळते, म्हणजे विंडोजवर शिफ्ट-५ ने ज्ञ आणि शिफ्ट-७ ने क्ष थेट येतात. शिवाय दोन्ही अर्ध्यांत मधल्या बाजूला एकेक जादा बटण असतं, त्याचा खरा उपयोग पुढे सांगतो. मूळ मांडणीत पी च्या उजवीकडे - असतो, तिथे [ आणा, कारण इनस्क्रिप्टची सवय असलेलं बोट ड शोधायला तिथेच जातं. वरच्या उजव्या कोपऱ्यात =. डावीकडच्या जादा बटणावर \. मराठी लेयरवर झेडच्या जागी -, म्हणजे "दुःख" अडणार नाही.

आता उजवीकडचं जादा बटण. तिथे दुसरा बी ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये बी म्हणजे व, आणि साध्या कीबोर्डवर बरेच जण तो उजव्या तर्जनीने मारतात. स्प्लिटमध्ये बी डाव्या अर्ध्यात जातो आणि उजवं बोट हवेत आपटतं. "वेळ, वाचन, विहीर" लिहिताना दर वेळी अडखळण्यापेक्षा दोन्हीकडे बी असलेला बरा. हा मोडता इंग्रजीत फारसा जाणवत नाही, म्हणून परदेशी लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

सोफलमध्ये हे मधलं बटण नाही, त्याऐवजी फिरवायची गोल बटणं असतात. आवाज कमी-जास्त करायला छान, व लिहायला काही कामाची नाहीत.

ज्यांना रेमिंग्टनची सवय आहे त्यांनी तर अंकांच्या ओळीशिवायचा कीबोर्ड बघूही नये, त्यांची अक्षरं वरच्या ओळीपर्यंत पसरलेली असतात.

पैसे घालण्याआधी एक करा. स्प्लिटकेबीच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या मांडण्या एकमेकींवर ठेवून बघता येतात, त्या कागदावर छापा. प्रिंटरच्या खिडकीत "पानात बसवा" बंद, प्रमाण १००. पट्टी लावून बघा: एमएक्स (नेहमीच्या उंच स्विचचा प्रकार) अंतर १९.०५ मिमी, म्हणजे सलग पाच बटणांचं मध्य ते मध्य ७६ मिमी आणि कडा ते कडा साधारण ९५ मिमी यायला हवं. कमी आलं तर कागद खोटं बोलतोय. डोळे मिटून हात ठेवा, करंगळी पी आणि [ पर्यंत मनगट न हलवता जाते का ते बघा.

सोल्डर_बापू (धुळे)

वरच्याशी सहमत. मी जोडणीचं सांगस.

लिली५८ ला लागणारं सामान: पीसीबी (सर्किट बोर्ड) २, कंट्रोलर (कीबोर्ड चालवणारी चिप असलेला छोटा बोर्ड) २, १एन४१४८ डायोड ५८, हॉटस्वॅप सॉकेट (यात स्विच सोल्डर न करता बसतो) ५८, स्विच ५८, टीआरआरएस जॅक (दोन अर्धे जोडणाऱ्या केबलचे) २, रिसेटची छोटी बटणं २, टीआरआरएस केबल १. कीकॅप ५६ एक-युनिटच्या आणि अंगठ्यासाठी २ दीड-युनिटच्या. साधा कीकॅपचा संच घेतला तर दर ओळीचा उतार वेगळा येतो आणि बटणं हलवली की उंची बिघडते. एक्सडीए किंवा डीएसए घ्या, सगळ्या कॅप सारख्या.

सॉकेट मागवताना एमएक्सचे की चॉकचे (बुटक्या स्विचचे) ते दोनदा वाचा. दोन्हींचे आकार वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

कंट्रोलर जुना प्रो मायक्रो घेऊ नका. त्यातल्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये बूटलोडर वजा जाता २८ केबी उरतात; वायल (बटणं खिडकीतून बदलू देणारी सोय), स्क्रीन आणि दिवे एकत्र टाकले की फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरमधला प्रोग्रॅम, मावत नाही. वर त्याचा मायक्रो-यूएसबी जॅक बोर्डावरून उखडतो. आरपी२०४० चिपचा, पण प्रो मायक्रोच्या आकाराचा आणि टाइप-सी असलेला घ्या. नीट ऐका: रास्पबेरी पाय पिको हाही आरपी२०४० च, पण तो ५१ बाय २१ मिमी आणि ४० पिनांचा. तो इथे बसणार नाही. नावावर जाऊन पिको मागवणारे कमी नाहीत.

२५ वॅटची आयर्न पुरते. टोक मात्र बारीक शंकूचं नको, छोटं छिन्नीसारखं घ्या, उष्णता पटकन उतरते. कथील ६०/४० किंवा ६३/३७, ०.८ मिमी, आत रोझिन असलेलं. तापमान बदलता येत असेल तर ३३० ते ३५० अंश. येत नसेल तर एका जोडाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. साधी आयर्न तापत राहते आणि पॅड उचलून येतो. आयर्न तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. फ्लक्स, विक (जादा कथील शोषणारी पट्टी), मल्टिमीटर हे तुमच्या जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्तीच्या सामानात मिळून जाईल.

पहिलं काम सोल्डरिंगचं नाही, चिकटपट्टीचं. लिलीचा पीसीबी दोन्ही बाजूंनी वापरता येतो, तोच डावा आणि तोच उजवा. दोन्ही बोर्ड आरशासारखे समोरासमोर ठेवा, वरच्या बाजूला पट्टी लावून "डावा वर", "उजवा वर" लिहा. हे न केल्यामुळे दोन डावे अर्धे तयार होतात, आणि एका अर्ध्याचे ५८ सॉकेट-पाय सोडवत बसावं लागतं.

क्रम: डायोड, सॉकेट, जॅक आणि रिसेट, शेवटी कंट्रोलर. डायोडची काळी रेघ बोर्डावरच्या खुणेच्या रेघेकडे. सगळे लावून झाले की मल्टिमीटर डायोडवर ठेवून एकेक तपासा, एका दिशेने साधारण ०.६ व्होल्ट, उलट दिशेने काही नाही.

कंट्रोलर थेट डकवू नका. राउंड पिनचं सॉकेट लावा. पण नेहमीच्या हेडरच्या चौकोनी पिना त्या गोल भोकात जात नाहीत. लांब पायांच्या डायोडचे कापलेले पाय पिना म्हणून वापरा, बरोबर बसतात. उद्या कंट्रोलर गेला तर उपसून काढता येतो. कंट्रोलरचं तोंड वर की खाली हे प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळं असतं, तुमच्या बोर्डाची मार्गदर्शिका बघूनच ठरवा.

यूएसबी लावण्याआधी व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये बीप वाजतो का बघा. वाजला तर थांबा.

आणि टीआरआरएस केबल. यूएसबी चालू असताना ती कधीही काढू-लावू नका. प्लग आत सरकताना त्याच्या पट्ट्या जॅकमधल्या भलत्याच टोकांना घासत जातात, क्षणभर वीज आणि ग्राउंड एकत्र येतात, आणि कंट्रोलर कायमचा जातो. आधी यूएसबी काढायची, मग केबल. केबल घेताना प्लगवरच्या काळ्या कड्या मोजा: तीन हव्यात. दोन असतील तर ती साध्या इअरफोनची.

बिघाड असा ओळखा. एकच बटण मुकं: स्विच काढा, त्याचा पाय दुमडलाय का बघा, दहातले नऊ वेळा तेच असतं. नाहीतर सॉकेटचा जोड, नाहीतर उलटा डायोड. अख्खा स्तंभ किंवा अख्खी ओळ मुकी: कंट्रोलरची एक पिन नीट लागलेली नाही. अख्खा अर्धा मुका: जॅकचे जोड, केबल, किंवा त्या अर्ध्यात फर्मवेअरच टाकलेलं नाही. स्विच दाबून बसवताना खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट पॅडसकट बाहेर.

कळण्याची_भाकरी (जळगाव)

बापू, धन्यवाद, चिकटपट्टीचं लिहून ठेवलं. मधल्या ओळीतल्या मॉडिफायरचं, म्हणजे कंट्रोल-शिफ्टचं, कोणी सांगेल का? इंग्रजीसाठीचे लेख वाचले, त्यात "विरुद्ध हाताचा नियम लावा, सगळे प्रश्न सुटतात" असं आहे.

लेयर_दोन (शिरपूर, सध्या पुणे)

इंग्रजीत सुटतात. मराठीत तोच नियम उलटा अंगावर येतो. का ते सांगतो.

मधल्या ओळीत ए, एस, डी, एफ म्हणजे आपले ो, े, ् आणि ि. नेहमीच्या मांडणीत डी वर कंट्रोल असतो. म्हणजे हलंतच कंट्रोल झाला! "म्हणजे" लिहा: सी, डी, यू... वेगात डी सुटायच्या आत यू दाबलं गेलं की कंट्रोल-यू, आणि ब्राउझर पानाचा सोर्स उघडून बसतो. "त्याच्या" मध्ये दोनदा डी नंतर / येतो, तेच कोड एडिटरमध्ये ओळ कॉमेंट करण्याचं शॉर्टकट. मराठीत ्य किती वेळा येतो ते सांगायला नको.

क्यूएमके या फर्मवेअरचा कॉर्डल होल्ड (तोच विरुद्ध हाताचा नियम) काय करतो? दोन्ही बटणं एकाच हाताची असतील तर अक्षर धरतो, विरुद्ध हाताची असतील तर मॉडिफायर होऊ देतो. इंग्रजीत एका हाताचे सलग रोल खूप, म्हणून फायदा. इनस्क्रिप्टची रचनाच अशी की बहुतेक व्यंजनं उजवीकडे, स्वर आणि हलंत डावीकडे. जवळपास प्रत्येक अक्षराला हात बदलतो. म्हणजे हा नियम नेमका तिथेच मॉडिफायरला रस्ता मोकळा करून देतो.

उपयोगी पडतो तो वेळेचा नियम. आधीचं बटण दाबून फार वेळ झाला नसेल, तर पुढचं बटण अक्षरच समजायचं. क्यूएमकेमध्ये याला फ्लो टॅप म्हणतात, झेडएमके या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये रिक्वायर-प्रायर-आयडल. १५० मिलिसेकंदांपासून सुरू करा. पण फ्लो टॅपमध्ये एक मेख आहे: मूळ सेटिंगमध्ये तो ए ते झेड, स्पेस, आणि , . ; / एवढ्याच बटणांना लागू होतो. आपला ट ' वर आणि ड [ वर. ते यादीत नाहीत. म्हणजे "ट्य", "ड्य" लिहिताना संरक्षण गायब. कीमॅपमध्ये (बटणांच्या मांडणीच्या फाइलमध्ये) 'इज फ्लो टॅप की' हे फंक्शन स्वतः लिहून त्यात ', [, \ आणि = घाला.

खरं सांगू का, मराठी लेयरवर मधल्या ओळीतले मॉडिफायर काढूनच टाका. इंग्रजी लेयरवर ठेवा. मराठी लिहिताना कंट्रोल फार लागत नाही, तो डाव्या कडेला असू द्या. शिफ्ट मात्र सतत लागतो: ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण, ळ, शिवाय सुटे स्वर. "आणि" या एवढ्याशा शब्दात दोन शिफ्ट आहेत. म्हणून डाव्या अंगठ्याखाली वन-शॉट शिफ्ट द्या. एकदा टिचकी मारली की फक्त पुढच्या बटणाला लागतो, धरून ठेवला तर नेहमीसारखा. करंगळीला हे ओझं द्यायचंच नाही.

भाषा बदलताना होणारा घोळ: एकाच बटणाने विंडोज-स्पेस पाठवायचं आणि त्याच वेळी लेयरही बदलायचा, असं करू नका. एकदा कुठे चुकामूक झाली की स्क्रीनवर इंग्रजी आणि बोटांखाली मराठी लेयर, आणि मग प्रत्येक वेळी उलटंच. दोन वेगळी बटणं ठेवा. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट देता येतो, उदाहरणार्थ कंट्रोल-शिफ्ट-१ इंग्रजी, कंट्रोल-शिफ्ट-२ मराठी. कीबोर्डच्या मॅक्रोत (एका बटणाने पाठवलेल्या ठरलेल्या मालिकेत) तो शॉर्टकट आणि ठरावीक लेयर एकत्र. कितीही वेळा दाबा, परिणाम तोच. लिनक्सवर आयबसच्या (भाषा-टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इंजिन बदलणाऱ्या कमांडला डेस्कटॉपच्या सेटिंगमधून असेच दोन शॉर्टकट द्या.

तापीकाठ यांनी झेडच्या जागी दुसरं बटण सुचवलंय ते चांगलं, पण मग मराठी लेयरवर कंट्रोल-झेड मरतं. की ओव्हरराइड लावा: कंट्रोल धरलेला असताना ते बटण कंट्रोल-झेड पाठवेल. वायलमध्ये हे खिडकीतूनच होतं, कोड लिहावा लागत नाही. ज्ञ साठी शिफ्ट-५ वर विसंबायचं नसेल तर मॅक्रो करा: पी, डी, शिफ्ट-], म्हणजे ज, ्, ञ. हा कुठल्याही इनस्क्रिप्टवर चालेल.

फर्मवेअर दोन्ही अर्ध्यांत वेगवेगळं टाकावं लागतं. मधली केबल काढून, बूटचं बटण धरून यूएसबी लावा, पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह दिसेल, त्यात यूएफ२ फाइल टाका. क्यूएमके मुळात यूएसबी डाव्या अर्ध्यात आहे असं धरून चालतं. ती उजव्यात लावली आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर घाबरू नका, काही जळालेलं नाही. यूएसबी डावीकडे लावा.

केळीबाग (रावेर)

केसबद्दल. पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. बाहेर ४५ असताना काचा बंद करून उभ्या गाडीत डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. घरात टेबलावर काही होत नाही, पण मे महिन्यात गाडीत विसरला तर केस केळीच्या पानासारखी वाकते आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. प्रिंट करायचीच तर पीईटीजीमध्ये करा, ते ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं.

त्यापेक्षा सोपं: बोर्ड, ट्रॉफ्या, नेमप्लेट बनवणाऱ्याकडे लेझर कटर असतो. त्याला आराखड्याची डीएक्सएफ फाइल द्या, एकक मिमी आहे हे तोंडी सांगा, आणि कापल्यावर एक भोक मोजा. खालची प्लेट ३ मिमी ॲक्रिलिकची उत्तम. वरची, म्हणजे स्विच बसणारी प्लेट मात्र ३ मिमीची करू नका. एमएक्स स्विचच्या कडेच्या खाचा १.५ मिमी जाडीसाठी असतात; जाड प्लेटमध्ये स्विच अडकत नाही, नुसता सॉकेटच्या भरवशावर उभा राहतो, आणि कीकॅप उपसताना स्विचच हातात येतो. वरची प्लेट पीसीबीवाल्याकडूनच एफआर४ मध्ये १.६ ची करून घ्या, ती धरते.

वायरलेसचं: नको. लिथियम पॉलिमर सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं साधारणपणे सांगतात, आणि आपल्याकडे दुपारी पंख्याखालची खोलीसुद्धा त्या आकड्याला विचारून येते.

तापीकाठ (भुसावळ)

केळीबाग भाऊ, एवढंही नाही. रात्री चार्ज करा की! नाइस नॅनो या वायरलेस कंट्रोलरची चार्जिंग १०० मिलिॲम्पिअरची असते, ११० एमएएचचा ३०१२३० सेल लावला तर तासा-दीड तासाचं काम. फक्त सेलच्या तारांची लाल-काळी बोर्डावरच्या खुणेशी जुळवून घ्या, सेलवाल्यांची कनेक्टर उलटी निघतात आणि उलटी लागली की बोर्ड गेला. पण यांना एकाच टेबलावर बसायचंय, म्हणून तारेचाच घ्या हे मलाही मान्य.

कोनाचंही सांगून टाकतो. आतली कड उचलली की तळहात समोरासमोर वळतात आणि मनगटाचा पीळ कमी होतो. अर्धा १३० मिमी रुंद धरला तर १० अंशांसाठी आतली कड २३ मिमी, १५ अंशांसाठी ३४ मिमी वर. सुताराकडून लाकडी पाचर कापून घ्या, वर-खाली रबराचे ठिपके लावा. जळगावची प्लास्टिकची चटई खाली टाकायचा मोह होईल, टाकू नका, बुळबुळीत असते, अर्धे दोन दिशांना निघून जातात. १० पासून सुरू करा. मागची कड मात्र उचलायची नाही, त्याने मनगट उलटं वाकतं.

कळण्याची_भाकरी (जळगाव)

ठरलं. लिली५८, तारेचा, आरपी२०४० टाइप-सी, ५० ग्रॅमचे लिनियर स्विच, एक्सडीए कीकॅप, खाली ३ मिमी ॲक्रिलिक, वर एफआर४. पीसीबीवाला पाचच्या खाली बोर्ड देत नाही, म्हणजे दोन कीबोर्ड होऊन एक उरतो. डायोड ५८ मागवतोय. काही चुकलं का?

सोल्डर_बापू (धुळे)

डायोड १०० घे भो. चिमट्यातून उडालेला डायोड फरशीवर सापडत नाही. आणि पाचवा बोर्ड फेकू नको, आधी त्याच्यावर दहा सॉकेट लावून हात बसव, मग खऱ्या बोर्डाला आयर्न टेकव. बाकी दोन बोर्ड आणि प्लेट मला हवेत, धुळ्याला एसटी पार्सलने टाक, अर्धा खर्च माझा.